सात महिन्यांनंतरची ती एक सिगारेट

प्रश्न : स. न. वि. वि. मी ४४ वर्षांचा असून नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. गेली २२ वर्षे सिगारेट ओढतो, सध्या दिवसाला १५ होतात. सकाळी उठल्याउठल्या पहिली ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. आजवर चार वेळा सिगारेट सोडली. तीन वेळा आठवडाभरही टिकलो नाही. मागच्या वर्षी मात्र सात महिने एकही ओढली नव्हती. मग चुलतभावाच्या मुलीच्या हळदीच्या रात्री मांडवामागे मंडळी बसली होती, तिथे ‘आता सुटलीच आहे, एकीने काय होतंय’ म्हणून एक ओढली आणि पंधरा दिवसांत पुन्हा पाकिटावर आलो. पत्नी म्हणते, ‘तुमच्यानं व्हायचं नाही.’ गेल्या आठवड्यात तिला स्कूटरच्या डिक्कीत कागदपत्रांच्या पिशवीखाली दडवलेले पाकीट सापडले, तेव्हापासून बोलणे कमीच आहे. मित्र म्हणतो, निकोटिनचे च्युइंगम म्हणजे एक व्यसन सोडून दुसरे लावून घेणे, त्यापेक्षा चिमूटभर तंबाखू लाव, सिगारेट आपोआप सुटेल. माझ्यात मनोनिग्रहच नाही का? ही कायमची सुटू शकते का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय, सुटू शकते. ज्याने सात महिने एकही सिगारेट ओढली नाही, त्याच्यात मनोनिग्रह नाही असे म्हणायला मी तयार नाही. तुम्ही ‘चार वेळा हरलो’ असा एकच हिशेब मांडला आहे, आणि माझ्या मते चूक तिथेच झाली आहे. पहिल्या तीन वेळी तुम्हाला शरीराने हरवले, चौथ्या वेळी शरीराचा काही संबंध नव्हता, तिथे एका समजुतीने घात केला. हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची औषधेही वेगळी आहेत, आणि तुम्ही दोन्हींवर एकच औषध वापरत आलात, ते म्हणजे दात-ओठ खाऊन केलेला निश्चय.

आधी शरीराकडे पाहू. झुरका घेतल्यापासून साधारण १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि पुढच्या दोनेक तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. दिवसाला १५ सिगारेटी ओढणारा माणूस म्हणजे हे पातळ होत जाणारे प्रमाण दर तासा-दीड तासाने पुन्हा भरून काढणारा माणूस. रात्रभराच्या झोपेत ते भरले जात नाही, म्हणून सकाळची पहिली सिगारेट सर्वांत गोड लागते. उठल्यापासून किती मिनिटांत तुम्ही पहिली पेटवता हा प्रश्न डॉक्टर मुद्दाम विचारतात, कारण अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्याचे शरीर निकोटिनला पक्के बांधले गेलेले असते. तुम्ही त्यांच्यापैकी आहात. अशा माणसाने एके सकाळी सगळे बंद केले की चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, कशातच लक्ष न लागणे हे सारे पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचते आणि दोन ते चार आठवड्यांत हळूहळू ओसरते. तुमचे तिन्ही प्रयत्न आठवड्याच्या आत मोडले, म्हणजे चढण संपत आली होती तेव्हाच तुम्ही मागे फिरलात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, कारण कोणत्याही मदतीवाचून सोडणाऱ्या शंभर जणांपैकी सहा महिने ते वर्षभरानंतरही सुटलेले असे जेमतेम तीन ते पाच जण असतात. जे पंचाण्णव जणांना जमत नाही ते आपल्याला जमले नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवण्यापेक्षा मदत घेणे शहाणपणाचे.

आता च्युइंगमबद्दल. तुमच्या मित्राचे म्हणणे ऐकायला बिनतोड वाटते, परंतु ते खरे नाही. सिगारेटमध्ये माणसाला बांधून ठेवते ते निकोटिन. पण फुप्फुसे आणि रक्तवाहिन्या खराब करतो तो मुख्यतः धूर, म्हणजे त्यातले डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोग घडवणारी अनेक रसायने. च्युइंगममध्ये धूर नसतो. त्यातले निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून सावकाश आणि कमी प्रमाणात रक्तात उतरते, त्यामुळे झुरक्यासारखा झटका बसत नाही, तलफ मात्र मवाळ होते. शिवाय ते सुमारे बारा आठवड्यांत कमी करत बंद करायचे असते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत न्यायचे, असा त्याचा ठरलेला क्रम आहे.

बरेच जण ‘च्युइंगम घेतले, काही उपयोग नाही’ असे सांगतात, आणि कसे खाल्ले विचारले तर साध्या च्युइंगमसारखे भराभर चावून थुंकी गिळलेली असते. तसे केले की निकोटिन पोटात जाऊन वाया जाते आणि उचक्या, मळमळ, छातीत जळजळ एवढेच पदरी पडते. ते अगदी सावकाश चावायचे. तोंडात तिखट चव आणि चुणचुण जाणवू लागली की चावणे थांबवून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये तंबाखूचा बार धरावा तसे धरून ठेवायचे. चुणचुण ओसरली की पुन्हा चार-सहा वेळा चावायचे आणि दुसऱ्या गालात सरकवायचे. असे सुमारे अर्धा तास चालते. च्युइंगम तोंडात असताना आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा, कॉफी, सरबत किंवा सोडा घ्यायचा नाही, कारण तोंडातली आम्लता वाढली की निकोटिन शोषलेच जात नाही. टपरीवर चहा पिता पिता च्युइंगम चघळणाऱ्याला गुण येत नाही तो यामुळेच. ते २ आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन मात्रांत मिळते. सकाळी अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्यांना सहसा ४ ची मात्रा लागते, परंतु तुम्हाला रक्तदाब असल्याने मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

त्याच भेटीत डॉक्टरांना व्हॅरेनिक्लिनबद्दलही विचारा. या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या असतात. मेंदूत निकोटिन ज्या जागी जाऊन बसते तिथे ही गोळी आधीच अर्धवट बसते, त्यामुळे तलफही कमी होते आणि चुकून ओढलीच तर पूर्वीसारखी मजाही येत नाही. सोडण्याच्या दिवसाच्या आठवडाभर आधी ती सुरू करतात आणि साधारण बारा आठवडे चालू ठेवतात. मळमळ हा तिचा नेहमीचा त्रास, म्हणून पोटभर जेवणानंतर भांडेभर पाण्याबरोबर घ्यावी. तिने डोके बिघडते अशी भीती पूर्वी होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ८,००० जणांवरील मोठ्या चाचणीत तसा लक्षणीय धोका आढळला नाही. च्युइंगमसारख्या उपायांनी यशाची शक्यता सुमारे दीडपट होते, या गोळीने दुपटीहून अधिक, आणि जोडीला समुपदेशन असेल तर आणखी वाढते. ई-सिगारेटचा विचारही नको, कारण २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे तिच्या विक्रीवर बंदी आहे आणि चोरून मिळणाऱ्या वस्तूत काय भरले आहे ते कोणी सांगू शकत नाही.

चिमूटभर तंबाखूचा सल्ला मात्र देणाऱ्याला हात जोडून परत करा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील जवळपास चौथा हिस्सा प्रौढ माणसे तंबाखू, मिश्री, खर्रा अशा धूर नसलेल्या रूपांत तंबाखू वापरतात, आणि आपल्याकडील तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तेच आहे. सिगारेट सोडायला तंबाखू लावलेला माणूस पुढे वर्षभरात खिशात पुडी आणि पाकीट दोन्ही बाळगताना मी इतक्यांदा पाहिला आहे की या सल्ल्याचा आता मला रागही येत नाही.

दिवस ठरवताना गुढीपाडवा किंवा मुलांच्या परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. येत्या दोन आठवड्यांतली तारीख धरा आणि शक्य असेल तर त्या आठवड्यात रात्रपाळी लावून घेऊ नका, कारण पहाटे तीनच्या झोपेशी आणि तलफेशी एकदम झुंजणे पहिल्याच आठवड्यात नको. रोज एक-एक कमी करत जाण्याचा मार्ग अनेकांना सोपा वाटतो. २०१६ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात मात्र ठरल्या दिवशी एकदम बंद करणाऱ्यांपैकी सहा महिन्यांनी २२ टक्के टिकले होते आणि हळूहळू कमी करत गेलेल्यांपैकी १५.५ टक्के. निकोटिनची मदत दोन्ही गटांना होती. तेव्हा तारखेपर्यंत नेहमीप्रमाणे आणि तारखेपासून एकही नाही, हेच बरे.

पोट साफ होण्याची तुमची काळजी खरी आहे, मनाचा खेळ नव्हे. निकोटिनने आतड्यांना चालना मिळते आणि ते बंद झाल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकते. तारखेच्या चार दिवस आधीपासून रात्री इसबगोल, सकाळी दोन भांडी कोमट पाणी आणि वीस मिनिटे चालणे सुरू करा, म्हणजे पहिल्याच सकाळी शौचालयाच्या दारात निश्चय मोडणार नाही. (हसू नका, पुष्कळांचा तिथेच मोडतो.) खोकलाही थोडे दिवस वाढू शकतो, वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढू शकते. दोन्हींची धास्ती घेऊन पुन्हा पेटवण्यात अर्थ नाही.

चहाबाबतची एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. सिगारेटच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतले कॅफिन नेहमीपेक्षा जलद निकालात काढत असते. धूर थांबला की तेवढ्याच चहाचे कॅफिन अंगात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहते. दिवसाला सात-आठ कटिंग पिणाऱ्याला मग धडधड, हातांची थरथर, रात्री टक्क जाग असे होते, आणि त्याला वाटते की ही सिगारेटची तलफ आहे. म्हणून सोडल्या दिवसापासून चहा निम्म्यावर आणा. औषधांपैकीही काहींचे असेच होते, त्यामुळे सिगारेट सोडत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

टपरी कायमची सोडा असे मी म्हणणार नाही. कारखान्यातली निम्मी माणुसकी टपरीवर असते. पण पहिले तीन आठवडे चहा कँटीनमध्ये घ्या आणि टपरीवरच्या तिघा सोबत्यांना अगोदर एकदा बाजूला घेऊन सांगा. टपरीवाल्यालाही सांगा, कारण तुम्ही स्कूटर स्टँडला लावेपर्यंत तो न मागता तुमच्या नावाची काढून ठेवत असणार. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी असली तरी ती बंदी टपरीपर्यंत किती पोहोचली आहे ते तुम्ही मला सांगायला हवे, मी तुम्हाला नव्हे. तलफ आली की ती काही मिनिटांतच चढते आणि उतरते. तेवढा वेळ लवंग, वेलची, भांडेभर पाणी, मशीनभोवती एक फेरी, जे हाताशी असेल ते चालेल. सुपारी मात्र नको.

आता चौथ्या वेळेकडे येतो, कारण कायमचे सुटण्याची किल्ली तिथे आहे.

सातव्या महिन्यात तुमच्या अंगात निकोटिनचा मागमूस नव्हता. चिडचिड नव्हती, झोप नीट होती. हळदीच्या रात्री तुम्हाला तलफेने ओढायला लावले नाही. तिथे जुनी माणसे होती, रात्र होती, मांडवामागचा अंधार होता आणि वास होता. मेंदू या साऱ्यांची सिगारेटशी घातलेली गाठ वर्षानुवर्षे विसरत नाही. मला स्वतःला सोडून चौदा वर्षे झाली, तरी पहिल्या पावसात एस. टी. स्थानकाच्या छपराखाली उभे राहिलो की हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो. हात जातो याचा अर्थ सुटलेली नाही असा होत नाही. तुमचा घात झाला तो ‘आता सुटलीच आहे’ या समजुतीने. जणू सुटलेला माणूस अधूनमधून ओढू शकतो, आणि तसे ओढून दाखवणे हाच सुटल्याचा पुरावा आहे!

त्याहून महत्त्वाची आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ, जिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेले नाही. त्या एका सिगारेटने तुम्हाला पाकिटावर आणलेले नाही. ‘सात महिने पाण्यात गेले, आता मोडलेच आहे’ असे त्या सकाळी तुम्ही मनाशी म्हणाला असणार, आणि पुढच्या पंधरा दिवसांतल्या सगळ्या सिगारेटी त्या वाक्याच्या आहेत. सात महिने पाण्यात गेलेले नव्हते. दोनशेहून अधिक दिवस एका बाजूला आणि एक सिगारेट दुसऱ्या बाजूला, एवढाच तो हिशेब होता. म्हणून या वेळी आधीच लिहून ठेवा की चुकून एक ओढली गेली तर त्याच दिवशी कोणाला फोन करणार, उरलेल्या सिगारेटींचे काय करणार आणि च्युइंगम पुन्हा सुरू करणार का. आग लागल्यावर विहीर खोदत बसायचे नाही. मात्र ‘फक्त लग्नकार्यात’ असा करार स्वतःशी कधीही करू नका. रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याच्या हृदयविकाराचा वाढीव धोकाही २० ओढणाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास असतो, असे २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसून आले आहे.

आपल्याकडे माळ घातलेल्या वारकऱ्याकडे पाहा. पंगतीत किंवा बैठकीत कोणी आग्रह केला तर तो ‘मी सोडायचा प्रयत्न करतोय’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘मला चालत नाही.’ तेवढ्यावर आग्रह थांबतो, कारण जो प्रयत्न करतो आहे त्याला ‘अरे, एक तर घे’ म्हणता येते, ज्याला चालत नाही त्याला म्हणता येत नाही. तुम्ही माळ घाला असे माझे म्हणणे नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण शब्द तेवढा उसना घ्या. सात महिने तुम्ही ‘सोडली आहे’ असे सांगत होता, आणि सोडलेली वस्तू माणूस केव्हाही परत उचलू शकतो. पहिल्या दिवसापासून टपरीवर, कँटीनमध्ये, पाहुण्यांत एकच वाक्य ठेवा, ‘मला चालत नाही.’ पहिले काही दिवस ते खोटे बोलल्यासारखे वाटेल. आपण ते एकटे असतानाही म्हणू लागलो आहोत हे एके दिवशी अचानक लक्षात येते.

पत्नीचे वाक्य तुम्हाला लागले आहे. परंतु तिला सिगारेटपेक्षा कागदपत्रांच्या पिशवीखालचे पाकीट अधिक लागले असावे असे तुमच्या पत्रावरून वाटते. सात महिने तिने विश्वास ठेवला होता. आता तिच्याकडे पुन्हा विश्वास मागण्याऐवजी तीन व्यवहारातल्या गोष्टी मागा. पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड होईल, तेव्हा ती अंगावर घेऊ नये. खिसे किंवा डिक्की तपासू नये. आणि चुकून ओढली गेलीच, तर तुम्ही येऊन सांगाल तेव्हा टोमणा न मारता ऐकून घ्यावे. मोबदल्यात तुम्ही एकच वचन द्यायचे, की ओढली तर लपवणार नाही. ‘पुन्हा कधीच ओढणार नाही’ या वचनापेक्षा हे पाळणे कितीतरी सोपे आहे, आणि घरातही तेच जास्त दिवस टिकते.

हे सगळे ४४ व्या वर्षी करून काय मिळणार, असे मनात येत असेल, तर ब्रिटनमधील डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे केलेला पाठपुरावा लक्षात घ्या. आयुष्यभर ओढत राहिलेले डॉक्टर न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले. वयाच्या चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्यांनी त्यांतली सुमारे नऊ वर्षे परत मिळवली आणि पन्नासाव्याच्या सुमारास सोडणाऱ्यांनी सहा. तुम्ही या दोन आकड्यांच्या मधे उभे आहात.

सिगारेटच्या पाकिटावर भयानक चित्राजवळ १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो. गेल्या काही वर्षांत तो तुम्ही हजारो वेळा हातात धरला आहे. ही व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे, मराठीतही बोलता येते, आणि समुपदेशक तुमची तारीख नोंदवून घेऊन नंतर स्वतःहून फोन करून चौकशी करतात. डॉक्टरांकडे जाण्याआधी हा फोन करा.

राहिले ते डिक्कीतले पाकीट. ते तारखेच्या आदल्या रात्री पत्नीसमोर काढा, उरलेल्या सिगारेटी मोडा आणि बादलीतल्या पाण्यात टाका, लायटरसुद्धा देऊन टाका. नुसते केराच्या टोपलीत टाकू नका. टोपलीत अख्खे टाकलेले पाकीट रात्री साडेअकराला, वरची बटाट्याची साले बाजूला सारून, परत काढणारी माणसे असतात. चौदा वर्षांपूर्वी त्यांपैकी एक मी होतो.